दारूला हात नाही, मग लिव्हर फॅटी कसं?

शेजारचे काका परवा सकाळी दारात उभे. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला. "सर, मी तं आयुष्यात दारूला शिवलो नाही. मंग हे काऊन आलं?" रिपोर्टातली एक ओळ त्यांनी पेनाने दोनदा अधोरेखित केली होती: ग्रेड वन फॅटी लिव्हर. धंतोलीतल्या डॉक्टरांनी वजन कमी करा, चाला आणि फायबर वाढवा, असं सांगून पाठवलं होतं. पहिल्या दोन गोष्टी काकांना पटल्या. तिसरीवर त्यांचा आक्षेप होता. "फायबर तं पोट साफ व्हायला असते. माझं रोज साफ होते. लिव्हरशी त्याचा काय संबंध?"

आक्षेप बिनबुडाचा नाही. इसबगोलच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात हेच बसवलंय की फायबर म्हणजे झाडू. पण मागच्या काही वर्षांत यकृताच्या अभ्यासकांचं लक्ष आतड्याकडे वळलंय, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आधी आजार किती पसरलाय ते पाहू. देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांमध्ये फॅटी लिव्हरचं प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास निघालं. केंद्र सरकारने 2021 मध्ये हा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्यासाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. 2023 मध्ये तर आजाराचं आंतरराष्ट्रीय नावच बदललं. आधी त्याला 'दारूमुळे न झालेला' असं म्हणत. आता दारूचा उल्लेख गेला आणि चयापचयाचा, म्हणजे शरीर साखर-चरबी कशी हाताळतं याचा, आला. काकांच्या तक्रारीची जगाने घेतलेली दखलच म्हणा ना!

यकृताच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की ते 'फॅटी'. सोनोग्राफीतला ग्रेड ढोबळमानाने चरबी किती दिसते ते सांगतो. यकृताला व्रण पडलेत की नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या किंवा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, लागते. म्हणून ग्रेड वन बघून ना हबकायचं, ना कागद घडी करून कपाटात टाकायचा.

कळमन्याचं यार्ड

नागपुरात बाहेरून येणारा बराचसा भाजीपाला आणि फळं आधी कळमन्याला उतरतात. तिथे माल निवडला जातो, सडका बाजूला निघतो, आणि मग पोती गोकुळपेठ, सक्करदऱ्याकडे रवाना होतात. शरीरातलं कळमना म्हणजे यकृत. त्याच्याकडे येणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त आधी आतड्यांतून फिरून आलेलं असतं. ते एका जाड शिरेतून येतं, तिला प्रतिहारी शीर म्हणतात. आतड्यात शोषलेली साखर, प्रथिनांचे तुकडे, औषधं, सगळं आधी यकृताच्या ओट्यावर उतरतं आणि मग बाकीच्या शरीराला मिळतं. (तेल-तुपाचा बराचसा भाग वेगळ्या वाटेने जातो, पण तो आज आपला विषय नाही.)

म्हणजे आतड्याने जे पाठवलं, ते यकृताला पहिल्यांदा झेलावं लागतं. चांगला माल आला तर ठीक. सडका आला तर पहिला त्रास यार्डातल्या हमालांना. आणि आतड्यातून काय निघणार हे फक्त आपण काय गिळलं यावर ठरत नाही. मधे आणखी कुणी तरी बसलेलं आहे.

मोठ्या आतड्यातले भाडेकरू

आपल्या पोटात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात असा अंदाज आहे. शरीरातल्या आपल्या स्वतःच्या पेशी जवळपास तेवढ्याच. या सगळ्या जिवाणूंचं वजन मात्र पाव किलोच्या आतच भरतं. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात, म्हणजे जेवणाच्या पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर. भाताची साखर, डाळीतली प्रथिनं, तूप, हे सगळं लहान आतड्यातच संपतं. जिवाणूंपर्यंत पोचतं ते आपल्याला न पचलेलं. त्यालाच आपण चोथा म्हणतो, डॉक्टर फायबर म्हणतात: धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे तंतू, फळांतला गर. हे तोडायची कात्री आपल्या शरीराकडे नाही, या जिवाणूंकडे आहे.

मग ते काय करतात? आंबवतात. ज्वारीचं पीठ रात्रभर भिजवून आंबील केली की सकाळी पातेल्यावरचं झाकण काढताच आंबूस वास येतो. साधारण तसाच कारभार आत चोवीस तास चालू असतो. त्यातून तीन मुख्य आम्लं तयार होतात. पुस्तकात त्यांना लघुसाखळी मेदाम्लं म्हणतात, आपण नुसतं आम्लं म्हणू. एक व्हिनेगरमधलं अॅसेटिक, दुसरं प्रोपिऑनिक, तिसरं ब्युटिरिक. लोणी खवट झालं की जो वास येतो, तो या तिसऱ्याचा. वास कसाही असो, आपल्या गोष्टीतलं सगळ्यात उपयोगी पात्र तेच आहे.

एका पेशीच्या जाडीची भिंत

आतड्यातला मैला आणि आपलं रक्त यांच्यामध्ये पेशींचा फक्त एक थर असतो. विटेवर वीट नाही, एकच ओळ. तिच्यावर चिकट श्लेष्माचा लेप असतो, शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीसारखा. मोठ्या आतड्याच्या या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 70 टक्के ब्युटिरिक आम्लातून येते. रक्तातल्या साखरेपेक्षा त्यांना जिवाणूंनी रांधलेलं हे जेवण जास्त मानवतं.

आता चोथा आला नाही, तर दोन गोष्टी होतात. भिंतीच्या पेशी उपाशी राहतात, हे एक. दुसरी गोष्ट जास्त वाईट: भुकेले जिवाणू भिंतीवरचा लेपच खायला लागतात. उंदरांना फायबर नसलेलं खाणं देऊन 2016 मध्ये हे दाखवलं गेलं. लेप पातळ होत गेला आणि जंतू भिंतीच्या जवळ सरकले. भाडेकरूला जेवायला दिलं नाही, तर तो घराचा गिलावा खातो, असा हा प्रकार.

भिंतीचे सांधे सैल झाले की मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. आतड्यातून निघालेली प्रतिहारी शीर कुठे जाते ते आपण पाहिलंच. यकृतात याच कामासाठी पहारेकरी पेशी बसवलेल्या आहेत, त्यांना कुफर पेशी म्हणतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म फॉन कुफर यांनी 1876 मध्ये त्यांचं वर्णन केलं. थोडेफार तुकडे रोजच येतात, पहारेकरी ते गिळून टाकतात, कुणाला पत्ताही लागत नाही. पण लोंढा लागला की पहारेकरी शिट्ट्या फुंकायला लागतात, आणि त्यातून सूज येते. नुसती चरबी यकृत बरीच वर्षं सोसू शकतं. चरबीवर सूज आली की व्रण पडू लागतात, आणि व्रण वाढत गेले तर पुढे सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होणं. फॅटी लिव्हर असलेला प्रत्येक जण या वाटेने जात नाही. जे जातात त्यांच्यात आतड्याची ही गळती हे एक कारण असू शकतं. एकमेव नव्हे.

आणखी दोन वाटा: पित्त आणि, हो, दारू

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं आणि ते काटकसरीने वापरतं. आतड्यात सोडलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे 95 टक्के परत शोषून घेतं. काही प्रकारचं फायबर त्यातलं थोडं पित्त धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. मग यकृताला नवीन पित्त करण्यासाठी कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. ओट्स खाऊन कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, त्यामागे मुख्यतः हेच आहे.

दुसरी वाट ऐकून काका खुर्चीत ताठ बसले. काही जिवाणू आतड्यातच अल्कोहोल तयार करतात. चीनमध्ये 2019 साली एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थेंबभर न पिताही, गोडधोड खाल्लं की त्याला नशा चढायची, आणि त्याचं यकृतही फॅटी होतं. त्याच्या आतड्यात क्लेबसिएला नावाच्या जिवाणूची भरपूर अल्कोहोल बनवणारी जात सापडली. नंतर तपासलेल्या तिथल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांपैकी जवळपास 60 टक्के जणांत असे जिवाणू आढळले. हा एका ठिकाणचा अभ्यास आहे, तेव्हा प्रत्येकाच्या पोटात भट्टी लागलीय असं समजू नका. काकांनी मात्र ही बातमी संध्याकाळपर्यंत काकूंना दोनदा सांगितली, जणू काही निर्दोष सुटल्याचा निकालच हाती आला.

"हे सगळं उंदरांचं. माणसांचं काय?"

बऱ्याच गोष्टी उंदरांवरच्या आहेत, हे खरं. पण सगळ्या नाहीत. 2023 मध्ये चीनमधल्याच एका चाचणीत फॅटी लिव्हरच्या 200 जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाला चार महिने रोज 40 ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला, दुसऱ्याला तेवढ्याच उष्मांकांचा साधा मक्याचा स्टार्च. पहिल्या गटाच्या यकृतातली चरबी ठळकपणे घटली. त्यांचं वजनही थोडं उतरलं होतं, पण त्याचा परिणाम हिशेबातून वजा केला तरी फरक उरलाच. आतड्यातले जिवाणूही बदलले होते.

दुसरा पुरावा तर दवाखान्यांत अनेक दशकांपासून रोज वापरात आहे. सिरॉसिसच्या रुग्णाला भ्रम होऊ लागला, दिवस-रात्र कळेनाशी झाली, की डॉक्टर लॅक्ट्युलोजचं गोड सिरप देतात. नातेवाईक गोंधळतात, की हे तर बद्धकोष्ठाचं औषध! ते आहेच. पण ती आपल्याला न पचणारी साखर आहे, म्हणजे जिवाणूंचं खाद्य. ते खाऊन जिवाणू आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे मेंदूला घातक असलेला अमोनिया रक्तात न जाता आतड्यातच अडकून बाहेर पडतो. यकृत थकलेलं, त्रास मेंदूला, आणि उपाय आतड्यातल्या जिवाणूंमार्फत. आतड्याचा यकृताशी काय संबंध, या प्रश्नाला माझ्या मते याहून सरळ उत्तर नाही.

"आम्ही तर रोज भाजी-पोळी खातो"

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दहा वर्षांवरील प्रत्येकासाठी रोज किमान 25 ग्रॅम फायबर सुचवलं, तेही अन्नातून नैसर्गिकपणे मिळणारं. आता आपल्या ताटात बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नाही. मैद्यातही तेवढंच. ज्वारीत 10, अख्ख्या गव्हाच्या कणकेत 11, तूरडाळीत 9. अख्ख्या हरभऱ्यात 25.

लक्षात घ्या, हे कच्च्या धान्याचे आकडे आहेत. वाटीभर वरणात डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे फायबर दोनेक ग्रॅम. वाटीभर भातात दीड. बटाट्याच्या भाजीत फार तर दोन. पोहे, दोन पोळ्या, वरण-भात, संध्याकाळी बिस्किटं, असा दिवस गेला तर गाडी पंधराच्या आसपास अडकते.

आणि पोळीचे आकडे तरी खरे का? आमच्याकडे आई कणीक बारीक चाळणीतून चाळायची. चाळणीत उरलेला तांबूस भुसा ती वर्तमानपत्रावर उपडा करायची आणि कोपऱ्यावरच्या गाईपुढे टाकून यायची. पोळी मऊसूत व्हायची, पाहुणे कौतुक करायचे. आता हिशेब केला तर घरातल्या फायबरचा चांगलाच हिस्सा गाईच्या पोटात जात होता. तिचं यकृत ठणठणीत असणार.

संत्र्याचं काय चुकतं

नागपूरकराने फायबरवर लिहावं आणि संत्र्याला टाळावं, हे होणे नाही. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात साधारण तीन ग्रॅम फायबर. ते रसात नसतं. ते असतं फोडीच्या पातळ पापुद्र्यात आणि वरच्या पांढऱ्या धाग्यांत. त्यातलं पेक्टिन जिवाणूंना फार आवडतं. आणि आपण काय करतो? धागे नखाने सोलून काढतो, फोड चोखतो, बिया आणि चोथा बशीत. मृग बहाराच्या दिवसांत आमच्या घरची बशी अशी भरलेली असते. मीही चोखूनच खायचो.

रसाची गोष्ट याच्याही पुढची. एका ग्लासाला तीन-चार संत्री लागतात. त्यातली साखर सगळी ग्लासात, पापुद्रे सगळे कचऱ्यात. चार संत्री एका बैठकीत सोलून खाऊन पाहा, तिसऱ्यालाच हात थांबतो. ग्लास मात्र दोन मिनिटांत रिकामा. फळातल्या साखरेपैकी फ्रुक्टोज हा भाग मोठ्या प्रमाणात आला की यकृत त्याची चरबी बनवतं. म्हणून अख्खं संत्रं यकृताचं मित्र आणि त्याचाच रस, रोज ग्लासभर घेतला तर, तितकासा नाही. कोल्ड्रिंकची तर गोष्टच सोडा.

इसबगोल, गोळ्या आणि डब्यातली पावडर

इसबगोल वाईट नाही. पोट साफ होतं, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. पण ते जिवाणूंना फारसं आंबवता येत नाही, जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून झाडू म्हणून उत्तम, जेवण म्हणून नाही. काकांची अडचण नेमकी इथेच होती: पोट रोज साफ होतं म्हणजे जिवाणूंना खायला मिळालं, असं नाही.

प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणू भरलेल्या, गोळ्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. बाहेरून आणलेले जिवाणू बहुतेकदा पाहुण्यासारखे येतात आणि जातात. त्यांना इथे खायलाच नसेल तर राहतील कशाला?

वेगळं काढून डब्यात भरलेलं फायबर, म्हणजे इन्युलिनसारख्या पावडरी, यांच्याबाबत मी सावध आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या उंदरांचे जिवाणू जनुकीय दोषामुळे आधीच बिघडलेले होते, त्यांना इन्युलिन मिसळलेलं खाणं दीर्घकाळ दिल्यावर काहींना यकृताचा कर्करोग झाला. यावरून माणसाने कांदा-लसूण सोडू नये (त्यांतही इन्युलिन असतंच). पण अख्खा कांदा आणि डब्यातली वेगळी काढलेली पांढरी पूड या एकच वस्तू नाहीत, इतकं तरी कळतं. 'लिव्हर डिटॉक्स' लिहिलेल्या बाटल्यांबद्दल एवढंच सांगतो की डिटॉक्स हे यकृताचंच काम आहे.

"फायबर खाल्लं की पोट फुगते"

फुगणारच. आंबवताना वायू होतो. वर्षानुवर्षं अर्धपोटी असलेल्या जिवाणूंपुढे एकदम वाटीभर उसळ ठेवली तर गडबड होणार. पहिल्या आठवड्यात एखादी भाकरी, पुढच्यात मूठभर भिजवलेले हरभरे, असं हळूहळू वाढवलं आणि पाणी जास्त प्यायलं की बहुतेकांना सवय होते. आतडं अतिसंवेदनशील असलेल्यांनी, आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि सिरॉसिसच्या रुग्णांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

एक गंमत शिळ्या भाताची. शिजलेला भात थंड झाला की त्यातल्या थोड्या स्टार्चची घडण बदलते आणि तो पचेनासा होतो, म्हणजे जिवाणूंकडे जातो. एका अभ्यासात ताज्या भातात असा स्टार्च 100 ग्रॅमला 0.64 ग्रॅम होता. फ्रिजमध्ये दिवसभर ठेवून परत गरम केलेल्या भातात तो 1.65 झाला. फोडणीच्या भाताला हा आधार पुरेसा आहे, चमत्कार म्हणण्याइतका नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवाल, तर यकृताआधी पोटच धरावं लागेल. फ्रिज हवाच.

मग फायबरनेच काम होईल?

नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याइतका परिणाम सध्या दुसऱ्या कशानेच दिसत नाही. वजन पाच टक्क्यांनी घटलं की यकृतातली चरबी उतरू लागते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही, आणि दहाच्या पुढे गेलं तर बऱ्याच जणांत व्रणसुद्धा मागे हटतात. काका 82 किलोंचे. दहा टक्के म्हणजे आठ किलो. भाकरी-उसळीने पोट लवकर भरतं आणि भूक उशिरा लागते, तो फायदा इथेही मिळतो.

हे सगळं बोलणं काकांच्या सोयीने अंबाझरीवरून फिरून आल्यावर तर्री-पोह्याच्या गाडीशी संपलं. पोह्यात फायबर नावापुरतं, तर्रीत तेलाचा तवंग, पण तळाशी काळे हरभरे! काकांनी प्लेट पुढे करून सांगितलं, "चणे जास्त टाक, तर्री वरवरची." गाडीवाल्याने झारा खालपर्यंत बुडवला, चणे निथळून काढले, प्लेटमध्ये टाकले आणि म्हणाला, "काका, चण्याचे दहा रुपये वेगळे लागतीन."